चिवड्याचे पाकीट भंगारवाल्याच्या पोत्यात जावे म्हणून: लहान खाद्यउद्योगांसाठी पाऊच निवडण्याची रीत

महाराष्ट्रातील बहुतेक स्वयंपाकघरांत दुधाच्या पिशवीचा एक ठरलेला शिरस्ता असतो. दूध पातेल्यात ओतले की पिशवी विसळून ओट्यामागच्या टाइलवर चिकटवायची, वाळली की गठ्ठ्यात ठेवायची आणि महिनाअखेरीस रद्दीबरोबर भंगारवाल्याला द्यायची. तो तिचे पैसे देतो. त्याच घरात आलेले वेफर्सचे चकचकीत पाकीट मात्र कितीही स्वच्छ करून ठेवले तरी तो हातात धरत नाही. दोन्ही वस्तू प्लास्टिकच्याच आहेत. पण पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिथिलीनची असते, तर पाकिटात बहुधा दोन-तीन जातींचे पापुद्रे एकमेकांना कायमचे चिकटवलेले असतात आणि ते सोडवून वेगळे करणे कोणालाही परवडत नाही.

चिवडा, चकली, मसाले, पापड, आमसुले, काजू असे पदार्थ विकणारे गृहउद्योग आणि बचत गट आता ‘पर्यावरणपूरक पाकीट कोणते घ्यावे’ असे विचारू लागले आहेत. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात या प्रश्नाला शोभिवंत उत्तरे असतात, परंतु पाकिटाचा खरा कस दोनच ठिकाणी लागतो: गिऱ्हाइकाच्या फळीवर, जिथे पदार्थ टिकला पाहिजे, आणि भंगारवाल्याच्या पोत्यात, जिथे रिकामे पाकीट पोहोचले पाहिजे. पुढची सारी रीत या दोन कसोट्यांवर आधारलेली आहे.

आधी पदार्थाचा हिशेब

दोनशे ग्रॅम चिवड्याच्या १५ × २० सेंटिमीटर पाऊचमध्ये जेमतेम ३ ग्रॅम प्लास्टिक असते. त्या ३ ग्रॅमच्या भरवशावर शेंगदाणे, तेल, पोहे, गॅस आणि चार माणसांची मेहनत दुकानात पोहोचते. पाकीट ‘हिरवे’ निघाले आणि आतला माल खवट झाला, तर वाया गेलेल्या अन्नाचा पर्यावरणावरचा भार वाचवलेल्या प्लास्टिकच्या कितीतरी पट होतो. म्हणून साहित्य निवडण्याआधी पदार्थ कशाने बिघडतो, हे कागदावर लिहून काढावे. चिवडा आणि चकली ओलाव्याने मऊ पडतात व हवेतील प्राणवायूने खवट होतात. गोडा मसाल्याचा वास उडतो. हळदीचा आणि मिरचीपुडीचा रंग उजेडाने फिका पडतो. गूळपावडर दमट हवेत गोळा होते. पापडाला मात्र फारसे काही लागत नाही. साधी ५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एलडी, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिलीनची, किंवा पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची पिशवी त्याला पुरते आणि त्यावर लॅमिनेट, म्हणजे पापुद्रे चिकटवून केलेली फिल्म, चढवणे ही निव्वळ हौस असते. आमसुलांचेही तसेच, आंबट-खारट पदार्थाशेजारी धातूचा मुलामा नसलेलाच बरा, म्हणून जाड, साधी एलडी पिशवीच योग्य.

दुसरा प्रश्न मुदतीचा आहे. बाजारात सहा महिने छापण्याची पद्धत पडली आहे म्हणून आपणही सहा महिने छापतो. पण माल तयार झाल्यापासून तीन-चार आठवड्यांत जवळच्या दोन तालुक्यांत संपत असेल, तर त्या सहा महिन्यांसाठी आपण धातूचा मुलामा आणि जादा पापुद्रे विकत घेत असतो. मुदत खरी लिहिली तर पाकीट आपोआप साधे होते, आणि एवढी मोठी सुधारणा दुसरी कोणतीही नाही.

हे आकड्यांत पाहू. पाऊचमधून ओलावा किती झिरपतो, याचे माप दर चौरस मीटरला दर दिवशी किती ग्रॅम बाष्प, असे देतात आणि ते सहसा ३८ अंश सेल्सियस तापमान व ९० टक्के आर्द्रता धरून मोजलेले असते. ५० मायक्रॉनच्या एलडी फिल्मसाठी हा आकडा ढोबळमानाने ७, बीओपीपी व सीपीपी या दोन पारदर्शक पीपी फिल्मच्या जोडीसाठी ३ ते ४ आणि त्याच जोडीतली एक फिल्म धातूचा मुलामा दिलेली असेल तर ०.५ च्या आसपास येतो. आपल्या पाऊचच्या दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर भरते. म्हणजे त्या कडक हवामानात ३० दिवसांत एलडी पिशवीतून सुमारे १२ ग्रॅम, पारदर्शक पीपी जोडीतून सुमारे ६ ग्रॅम आणि मुलाम्याच्या जोडीतून १ ग्रॅमपेक्षा कमी पाणी आत जाऊ शकते. प्रत्यक्ष दुकानातली हवा इतकी उष्ण-दमट नसल्याने हे आकडे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतात असे धरले, तरी दोनशे ग्रॅम चिवड्यात एलडीमध्ये ४ ग्रॅम, म्हणजे २ टक्के ओलावा महिन्यात शिरतो आणि पोहे मऊ पडायला तेवढा पुरेसा आहे. पारदर्शक पीपी जोडीत तोच १ टक्का राहतो. पुण्यात महिन्याभरात विकायच्या मालाला ही जोडी पुरते. जुलै महिन्यात रत्नागिरीच्या दुकानात तीन महिने ठेवायच्या मालाला ती पुरत नाही. एकाच पदार्थाला ऋतू आणि गाव पाहून दोन प्रकारची पाकिटे ठेवण्यात कमीपणा काहीच नाही.

खवटपणाचा हिशेब याहून सावधपणे करावा लागतो, कारण इथे अनेकांचे पैसे फुकट जातात. पारदर्शक पीपी जोडीतून प्राणवायू सहज ये-जा करतो. दर चौरस मीटरला दिवसाला १,५०० घनसेंटिमीटरच्या घरात. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो हे लक्षात घेतले, तर आपल्या पाऊचमध्ये सुरुवातीला दिवसाला जवळपास १९ घनसेंटिमीटर प्राणवायू शिरतो. प्राणवायू हुसकावण्यासाठी आत नायट्रोजन भरून ५०० घनसेंटिमीटर मोकळी जागा ठेवली असेल, तर पहिल्याच दिवशी तिथे सुमारे ४ टक्के प्राणवायू परत येतो आणि आठवड्याभरात नायट्रोजनचा बहुतेक फायदा निघून जातो. नायट्रोजनचे यंत्र घ्यायचे असेल तर मुलाम्याची किंवा तत्सम अटकाव करणारी फिल्म सोबत असलीच पाहिजे. पारदर्शक पाऊच घ्यायचा असेल तर नायट्रोजनचा खर्च सोडून द्यावा आणि ताजे तेल, कमी मुदत व लहान घाणे यांवर भर द्यावा.

हातातले पाकीट ओळखणे

सध्या वापरात असलेले पाकीट नेमके कशाचे आहे, हे बहुतेक लहान उत्पादकांना ठाऊक नसते, कारण बिलावर फक्त ‘लॅमिनेटेड पाऊच’ आणि गेज लिहिलेले असते. गेजचा हिशेब सोपा आहे: २०० गेज म्हणजे ५० मायक्रॉन. पुढची तपासणी घरच्या घरी होते.

पाकिटाचा छपाई नसलेला दोन सेंटिमीटरचा तुकडा कापावा, पेलाभर पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा आणि तुकड्यावरचे बुडबुडे बोटाने पुसून तो पाण्याखाली सोडावा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येतात. पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक), नायलॉन आणि पीएलए (मका-उसापासूनचे प्लास्टिक) जड असल्याने बुडतात. तुकडा बुडाला तर त्यात जड जातीचे प्लास्टिक, फॉइल किंवा कागद असणार, हे जवळपास नक्की समजावे. उलट मात्र खरे नाही. १२ मायक्रॉन पीईटीला ७० मायक्रॉनची एलडी चिकटवली, की सरासरी घनता पाण्याच्या किंचित खाली उतरते आणि तो मिश्र तुकडा ऐटीत तरंगतो. त्यामुळे तरंगणाऱ्या तुकड्याला लगेच एकजातीय मानू नये. तो दोन्ही हातांनी हळूहळू ताणावा. नुसती एलडी चिकासारखी लांबत जाते, तर पीईटीचा पापुद्रा असलेला तुकडा ताणाला दाद देत नाही आणि मग कडकन फाटतो.

तिसरी तपासणी वजनाची. सोनारी काट्यासारख्या लहान काट्यावर १० × १० सेंटिमीटरचे दहा तुकडे एकत्र तोलावेत. ५० मायक्रॉन एलडीचे दहा तुकडे सुमारे ४.६ ग्रॅम भरतात. १२ मायक्रॉन पीईटी व ५० मायक्रॉन एलडी यांच्या लॅमिनेटचे सुमारे ६.५ ग्रॅम. पुरवठादाराने सांगितलेली जाडी आणि काट्यावरचे वजन यांचा मेळ बसला नाही, तर तो मुद्दा ऑर्डर देण्याआधी काढावा. नंतर काढून फक्त वाद होतो.

याच वजनातून आणखी एक गोष्ट कळते. त्या लॅमिनेटमध्ये पीईटीचा वाटा वजनाने पाव भागाहून थोडा अधिक आहे. लवचिक पाकीट पुनर्चक्रणासाठी (रिसायकलिंगसाठी) योग्य ठरावे म्हणून एकाच जातीचे प्लास्टिक सुमारे ९० टक्के असावे, असा निकष युरोपातील मार्गदर्शिकांनी रूढ केला आहे. पीईटी-एलडी जोडी त्याच्या जवळपासही फिरकत नाही, पण २० मायक्रॉन बीओपीपी आणि ३० मायक्रॉन सीपीपी यांची जोडी चिकटद्रव्य धरूनही ९५ टक्क्यांच्या आसपास पीपीच असते. दिसायला दोन्ही पाकिटे सारखीच पारदर्शक आणि सारखीच खुळखुळणारी असतात.

एकाच जातीचे पाऊच

लहान उद्योगासाठी आज हाती लागण्यासारखा सर्वांत प्रामाणिक पर्याय हाच आहे. तळलेल्या व भाजलेल्या कोरड्या पदार्थांना पीपी-पीपी जोडी, आणि डाळी, पोहे, पीठ, पापड, आमसुले यांना पॉलिथिलीन अशी ढोबळ वाटणी करावी. जादा मुदत हवी असेल तर धातूचा मुलामा दिलेली बीओपीपी आणि सीपीपी अशी जोडी मागावी. मुलामा हा मायक्रॉनच्या काही शतांश भागाएवढा पातळ थर असतो, फॉइलसारखा ७ ते ९ मायक्रॉनचा पत्रा नसतो, म्हणून तो प्लास्टिकच्या पुनर्चक्रणात मोठा अडथळा ठरत नाही.

कागदावरची ही गोष्ट रस्त्यावर मात्र जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि हे सांगितले पाहिजे. भंगारवाला किंवा सुक्या कचऱ्याच्या शेडमधली वेचक बाई पाकीट डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखते. चकचकीत दिसले की ते पीपीचे आहे की पीईटीचे, हे पाहत बसायला तिला वेळ नसतो, आणि ते सिमेंटच्या भट्टीत जाळायच्या ढिगावर पडते. त्यामुळे मुलाम्याचे एकजातीय पाकीट हे आजच्या घडीला ‘पुनर्चक्रण करता येण्याजोगे’ असले, तरी ‘पुनर्चक्रण होणारे’ नाही. मुलाम्यावाचून भागत असेल तिथे पारदर्शक पाऊच घेणे हे त्यामुळे दुप्पट फायद्याचे ठरते.

मसाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. एलडीतून वास सहज बाहेर पडतो. मसाल्याच्या दुकानाबाहेर जो घमघमाट येतो, त्यातला काही बंद पिशव्यांतूनही निसटलेला असतो. यावर पाच किंवा सात थरांची, मध्यभागी ईव्हीओएच या अटकाव करणाऱ्या प्लास्टिकचा २-३ मायक्रॉनचा थर असलेली पॉलिथिलीन फिल्म मिळते. तो थर वजनाने ५ टक्क्यांच्या आत ठेवला तर पाऊच पॉलिथिलीनच्या पुनर्चक्रणात चालतो. दमट हवेत ईव्हीओएचची ताकद घटते, म्हणून तो दोन्ही बाजूंनी पॉलिथिलीनने झाकलेलाच हवा. ही फिल्म थोडक्या प्रमाणात मिळवणे अवघड असते. चार-पाच बचत गटांनी एकत्र येऊन एकाच मापाचा साधा, छपाई नसलेला रोल मागवला, तर ते जमू शकते.

उजेडापासून बचाव करण्यासाठी काळ्या-चकचकीत लॅमिनेटची गरज नाही. आत साधी पारदर्शक पिशवी आणि बाहेर न चिकटवलेला पातळ कागदी खोका, ही जुनी चहापुडीची पद्धत आजही चोख आहे. गिऱ्हाईक खोका रद्दीत टाकते, पिशवी प्लास्टिकमध्ये जाते, आणि दोघांनाही गिऱ्हाईक मिळते.

लोणच्याबद्दल मात्र हात जोडावे लागतात. तेल, आंबटपणा, मीठ आणि वर्षभराची मुदत हे सारे एकत्र सांभाळणारा, एकजातीय आणि लहान उद्योगाला परवडणारा पाऊच सुचवण्याजोगा नाही. नायलॉन घातलेले लॅमिनेटच घ्यावे लागते. शक्य असेल तर लोणचे काचेच्या बरणीत विकावे, आणि जवळच्या गिऱ्हाइकांकडून बरण्या परत घ्याव्यात.

कागदी दिसणारे पाऊच

तपकिरी क्राफ्ट कागदाचे, मध्ये पारदर्शक खिडकी असलेले, तळावर उभे राहणारे पाऊच प्रत्येक प्रदर्शनात दिसतात आणि हातात घेतले की माणसाला आपण काहीतरी पुण्य केल्यासारखे वाटते. असाच एक पाऊच एका पुरवठादाराने ‘शंभर टक्के इको’ म्हणून माझ्या हाती ठेवला होता. मी तो रात्री बादलीत भिजत घातला. सकाळी पाण्यावर तपकिरी लगदा तरंगत होता आणि त्याच्या मधोमध चांदीसारख्या फिल्मची एक पूर्ण पिशवी, झिपसकट, जशीच्या तशी उभी होती. कागद होता तो फक्त वरचा अंगरखा. असा पाऊच कागद गिरणीला नको असतो, कारण त्यात प्लास्टिक आहे; आणि प्लास्टिकवाल्याला नको असतो, कारण त्यात कागद आहे. भारतीय नियमांतही प्लास्टिक आणि प्लास्टिकेतर थर एकत्र आले की ते पाकीट बहुस्तरीय वर्गात मोडते, म्हणजे साध्या प्लास्टिक पाऊचपेक्षा अधिक अडचणीच्या वर्गात. खरेदीआधी ही बादलीची परीक्षा जरूर करावी.

खरा कागद कुठे चालतो? त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत संपणारे पदार्थ, ब्रेड, खारी, कोरडी मिठाई, गुळाच्या ढेपा यांना तो उत्तम आहे. तेलकट पदार्थासाठी ग्रीसप्रूफ कागद घेताना त्यावर फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप नाही, असे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे, कारण ही रसायने निसर्गात मोडत नाहीत. वर्तमानपत्रात भजी बांधणे हे पर्यावरणप्रेम नसून शाई खाऊ घालणे आहे. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अन्न गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्र वापरण्यास स्पष्ट मनाई केलेली आहे.

कंपोस्टेबल फिल्म

मका किंवा उसापासून बनणारे पीएलए, पीएलए व पीबीएटी (आणखी एक विघटनशील प्लास्टिक) यांचे मिश्रण, आणि लाकडाच्या लगद्यापासून बनणारी, आपण पूर्वी ‘जिलेटिन कागद’ म्हणायचो ती सेल्युलोज फिल्म हे यातले मुख्य प्रकार. महाराष्ट्राला या विषयात रस असण्याचे कारणही आहे: उसाचे राज्य असलेल्या आपल्याकडे जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजचा जैवबहुवारिकांचा (वनस्पतीजन्य प्लास्टिकचा) प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला आहे.

तरीही चिवड्यासाठी आज ही फिल्म निवडण्याआधी दोनदा विचार करावा. नुसत्या पीएलए फिल्ममधून बाष्प एलडीपेक्षा कितीतरी पट वेगाने जाते. पावसाळ्यात तो चिवडा आठवडाभरही कुरकुरीत राहणार नाही. दुसरे म्हणजे ‘कंपोस्टेबल’ या शब्दामागची अट. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकानुसार ही सामग्री ५८ अंशांच्या आसपासच्या, नियंत्रित, औद्योगिक कंपोस्ट व्यवस्थेत ठरलेल्या काळात विघटित व्हावी लागते. परसातल्या खड्ड्यात किंवा सोसायटीच्या ड्रममध्ये तेवढी उष्णता टिकत नाही. घंटागाडीत ती सुक्या कचऱ्यात गेली तर एलडीच्या पोत्यात मिसळून तो माल बिघडवते, आणि ओल्या कचऱ्यात गेली तर तिथला कामगार प्लास्टिक समजून बाहेर काढतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

ती उपयोगी पडते ती जिथे अन्न आणि पाकीट एकाच ढिगात जाते आणि तो ढीग तुमच्या माहितीच्या कंपोस्ट प्रकल्पात पोहोचतो तिथे: एखाद्या मोठ्या शिक्षणसंस्थेचे भोजनगृह, कारखान्याचे कँटीन, कार्यालयातले जेवण. अशा ठिकाणी वापरायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र पुरवठादाराच्या नावावर आहे ना, हे पाहावे आणि प्रमाणपत्राची प्रत फाइलला लावावी. साध्या एलडीत पावडर मिसळून ‘आपोआप विरघळणारी’ म्हणून विकली जाणारी ऑक्सो-विघटनशील पिशवी मात्र कुठेच घेऊ नये. तिचे फक्त तुकडे होतात; युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने तिच्यावर बंदी घातली आहे.

छपाई, लेबल, झिप

फिल्म योग्य निवडली आणि वर भलतेच लेबल चिकटवले, तर केलेले काम अर्धे वाया जाते. पॉलिथिलीनच्या पाऊचवर पॉलिथिलीनचे आणि पीपीच्या पाऊचवर पीपीचे लेबल लावावे. कागदी लेबलचा चिवट गोंद आणि लगदा धुलाईत सुटत नाही आणि पुनर्चक्रित प्लास्टिकच्या दाण्यांत काळे ठिपके उरतात. पीव्हीसीचे आवरण किंवा पट्टी कशावरही नको. गडद, पूर्ण पाकीटभर छपाई टाळावी. पुनर्चक्रण करणाऱ्याला पारदर्शक मालाचा भाव सर्वांत चांगला मिळतो, आणि रंगीत मालाचे शेवटी काळे-करडे दाणेच होतात. ग्रॅव्हूर छपाईत दर रंगामागे एक सिलिंडर खोदावा लागत असल्याने कमी रंग खिशालाही बरे पडतात.

शाई आयएस १५४९५ या मानकानुसार आहे, असे लेखी घ्यावे. शिवाय नाकावर विश्वास ठेवावा: छापील पाऊच बारीक कापून झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावा, तासभर उन्हात ठेवावा आणि झाकण उघडून हुंगावे. रंगाच्या दुकानासारखा वास आला तर चिकटद्रव्यातला द्रावक पूर्ण उडालेला नाही आणि तोच वास मालाला लागणार आहे. असा रोल परत करावा.

झिप हवीच का, हा प्रश्न पाव किलोच्या वर ‘हो’ आणि पन्नास ग्रॅमला ‘नाही’ असा सुटतो. लहान पुड्यांविषयीही थोडे सांगायला हवे. दोनशे ग्रॅमच्या एका पाऊचला ६०० चौरस सेंटिमीटर फिल्म लागते. तोच माल पंचवीस ग्रॅमच्या ८ × १० सेंटिमीटरच्या आठ पुड्यांत भरला तर १,२८० चौरस सेंटिमीटर लागते, आणि एवढ्या लहान पुड्या वेचायला कोणी वाकत नाही.

सील आणि चाचणी

एकजातीय पाऊचकडे वळणारे बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात सीलरपाशी, म्हणजे तापलेल्या पट्टीने पाकिटाचे तोंड चिकटवणाऱ्या यंत्रापाशी, अडतात. पीईटी-एलडी पाकिटात बाहेरचा पीईटी अडीचशे अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून पट्टी कितीही तापली तरी आतली एलडी चिकटते आणि बाहेरचे रूप बिघडत नाही. नव्या पाऊचमध्ये बाहेरची आणि आतली फिल्म एकाच घराण्यातली असल्याने दोघींच्या वितळण्यात थोडेच अंतर असते. पट्टी जास्त तापली की बाहेरची फिल्म आक्रसते, सुरकुत्या पडतात आणि पट्टीला चिकटते. तापमान ५-५ अंशांनी उतरवत, बँड सीलरचा वेग थोडा कमी करत आणि टेफ्लॉनचे कापड नवे घालत योग्य बिंदू शोधावा. एक दिवस आणि शंभर रिकामे पाऊच या कामासाठी बाजूला काढावेत. सीलच्या जागी तेल किंवा मसाल्याचा भुगा राहिला तर कोणतीच फिल्म चिकटत नाही, म्हणून भरताना नरसाळे वापरावे.

सील तपासायला बंद पाऊच पाण्यात बुडवून हळू दाबावा आणि बुडबुडे पाहावेत. बारीक गळती यात सुटते; तिच्यासाठी रिकामा सीलबंद पाऊच एका बाजूने कापून, आत निळी शाई आणि साबणाचा थेंब घातलेले चमचाभर पाणी ओतून सीलच्या कडेने फिरवावे. पाच मिनिटांत शाईची रेघ बाहेर आली तर सील कच्चे आहे.

टिकाऊपणाची प्राथमिक परीक्षाही घरी होते. घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाशी न विरघळलेले मीठ दिसत राहील इतके दाट मिठाचे पाणी वाटीत ठेवले, तर आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. त्यात जुन्या आणि नव्या साहित्यातले प्रत्येकी पाच पाऊच ठेवून दर तिसऱ्या दिवशी वजन करावे आणि दर आठवड्याला एक फोडून खाऊन पाहावे. वहीतले हे आकडे घेऊनच मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगसारख्या संस्थेकडे पुढील चाचणीसाठी जावे. नेमके काय तपासून हवे, हे मग नीट सांगता येते.

नियमांपैकी जेवढे लागते तेवढे

पदार्थाला टेकणाऱ्या प्लास्टिकसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे पॅकेजिंग विनियम लागू आहेत. फिल्ममधून अन्नात उतरणाऱ्या पदार्थांची एकूण मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम आहे, आणि तिचा अहवाल पुरवठादाराने द्यायचा असतो. ‘पुनर्चक्रित दाण्यांचा पाऊच’ स्वस्त मिळतो म्हणून तो अन्नाला टेकवू नये. असे दाणे वाहतुकीच्या बाहेरच्या बाचक्यांत वापरावेत, तिथे ते शोभतात. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने ब्रँडमालकांच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे आपल्या पाकिटांच्या कचऱ्याची विल्हेवाट लावण्याच्या जबाबदारीची, मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत सूक्ष्म व लघु उद्योग असलेल्या ब्रँडमालकांना वगळले आहे. मात्र तुम्ही मोठ्या ब्रँडसाठी माल भरून देत असाल, तर तो ब्रँड तुमच्याकडे थरांची आणि वजनाची माहिती मागणारच. युरोपला काजू किंवा आंबापोळी पाठवणाऱ्यांनी तिथला २०२५ चा पॅकेजिंग विनियम पाहून ठेवावा. तो १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतो आणि २०३० पासून तिथल्या बाजारातले पाकीट पुनर्चक्रणयोग्य असण्याची अट घालतो.

हे सारे जमवल्यावर, रोलची ऑर्डर देण्याच्या आदल्या दिवशी एक फेरी मारावी. नव्या पाऊचचे वीस नमुने लेबलसकट, आत थोडे तेल लागलेल्या अवस्थेत, आपल्या भागातल्या भंगारवाल्याकडे न्यावेत आणि हे कुठल्या पोत्यात टाकाल, असे त्याला विचारावे. तो पाकीट बोटांत चुरगाळून, आवाज ऐकून, कडेला किंचित फाडून सांगेल. त्याने दुधाच्या पिशव्यांच्या पोत्याकडे किंवा पीपीच्या पोत्याकडे बोट दाखवले तर ऑर्डर द्यावी. त्याने मान हलवली, तर त्याला नेमके काय खटकले, लेबल, चमक, झिप की तेलाचा ओशटपणा, हे तिथेच उभे राहून विचारून घ्यावे आणि नमुना पुन्हा करावा.